क्यूएलईडी, मिनी एलईडी की ओएलईडी? ६५ इंची टीव्ही घेताना आधी हॉलमधला उजेड बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हॉल १६ बाय ११ फुटांचा, टीव्हीपासून सोफा ९ फुटांवर, समोर पश्चिमेची बाल्कनी. बजेट १ लाख १० हजार, फार तर सव्वा लाख. वडील दिवसभर बातम्या लावून बसतात, मुलगा संध्याकाळी प्लेस्टेशनवर खेळतो, तुम्ही दोघं रात्री सिनेमा बघता. दुकानदार म्हणतो क्यूएलईडी घ्या, मेव्हणा म्हणतो ओएलईडीच घ्या, आणि तिसऱ्याच कोणीतरी मिनी एलईडीचं नाव काढलं.

मी गेली २३ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय आणि बसवून देतोय. पिक्चर ट्यूबच्या संचांवर हात बसला, प्लाझ्मा आला तसा २०१४ पर्यंत बंदही झाला, ते सगळं दुकानात बघितलं. तेव्हा उत्तर आधीच देतो: तुमच्या घरासाठी ६५ इंची मिनी एलईडी. पण हे उत्तर तुमच्या घराचं आहे. वडिलांच्या खोलीत वेगळा टीव्ही असता आणि बाल्कनीला जाड पडदे असते, तर मी मेव्हण्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. म्हणून नुसतं नाव लक्षात ठेवण्यापेक्षा कारण समजून घ्या. दुकानात उभं राहिल्यावर तेच कामाला येतं.

मूळ घोळ असा आहे की ही तीन नावं एकाच गोष्टीची नाहीत. क्यूएलईडी हे नाव रंग कसे तयार होतात त्याचं, मिनी एलईडी हे पडद्यामागच्या दिव्यांचं, आणि ओएलईडी हे अख्ख्या पडद्याच्या जातीचं. त्यामुळे एकच टीव्ही क्यूएलईडीही असतो आणि मिनी एलईडीही. तुम्ही ज्या मिनी एलईडी मॉडेलांकडे बघताय, त्यातली बरीचशी आतून क्यूएलईडीच आहेत. उलट नुसतं क्यूएलईडी लिहिलेला टीव्ही मागच्या दिव्यांच्या बाबतीत अगदी साधा असू शकतो.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार सांगतो, तिच्यातून हे लगेच कळेल. "आवाज येतोय, चित्र गेलं." मी खोलीतले दिवे बंद करतो, टीव्ही चालू ठेवतो आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी टेकवून तिरका धरतो. त्या उजेडाच्या गोलात बातमी देणारी बाई पुसट दिसते, ओठ हलत असतात. चित्र कुठेही गेलेलं नसतं, मागचा दिवा गेलेला असतो. पॅनेल उचललं की आत पातळ शीट, त्याखाली पांढरी प्लेट आणि तळाला एलईडीच्या पट्ट्या, प्रत्येक एलईडीवर प्लॅस्टिकची छोटी भिंगं. एक एलईडी जळाला की त्याच्यामागची सगळी माळ विझते.

म्हणजे ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो खरा एलसीडीच. चित्र पुढच्या काचेत बनतं आणि उजेड मागून येतो. पुढची काच तो उजेड अडवायचं काम करते, पण पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून साध्या एलईडी टीव्हीवर रात्रीच्या प्रसंगात काळं आकाश राखाडी दिसतं. ओएलईडी सोडली तर गेल्या १५ वर्षांतली बरीचशी धडपड ही मागचा उजेड जिथे नको तिथे कसा विझवायचा यासाठीच आहे.

स्वस्तातल्या टीव्हीत दिवे कडेला तरी असतात किंवा मागे थोडेसे पसरलेले, आणि सगळे एकदमच कमी-जास्त होतात. त्यापुढची पायरी म्हणजे मागे सगळीकडे दिवे आणि त्यांचे गट, ज्यांना झोन म्हणतात. ज्या झोनपुढे काळा भाग आहे तेवढा झोन मंद करायचा. मिनी एलईडीत हेच दिवे फार बारीक आणि संख्येने फार जास्त असतात, त्यामुळे झोनही शेकड्यांत, महागड्या मॉडेलात हजारांत जातात. २०१९ मध्ये टीसीएलने असा पहिला टीव्ही बाजारात आणला आणि आता बहुतेक सगळ्यांकडे तो आहे.

इथे एक हिशेब करून बघा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. टीव्हीत ५०० झोन असतील तर एका झोनच्या वाट्याला साडेसोळा हजार पिक्सेल आले. त्यातल्या दहा-वीस पिक्सेलवर एक तारा चमकायचा असेल तर अख्खा झोन उजळावा लागतो आणि ताऱ्याभोवती धुरकट वलय दिसतं. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती हे वलय सगळ्यात आधी नजरेला येतं. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हा, "झोन किती?" पत्रकावर आकडा नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. दोन्हीकडे नसेल तर त्या मिनी एलईडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता क्यूएलईडी. मागे निळे एलईडी असतात आणि त्यांच्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा थर. निळा प्रकाश या कणांवर पडला की त्यातून शुद्ध हिरवा आणि लाल निघतो. रंग ठरतो कणाच्या आकारावर, लहान कण हिरवा देतात, मोठे लाल. या क्वांटम डॉटवरच्या कामाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, बावेंडी, ब्रस आणि एकिमोव्ह या तिघांना. तंत्र खरं आहे, फरक डोळ्यांना दिसतो. हिरवा शालू, हळदीचा पिवळा, झेंडूचं तोरण साध्या टीव्हीपेक्षा भरदार दिसतं. पण काळ्याच्या बाबतीत क्यूएलईडी काहीच करत नाही. तुमचा दुकानदार खोटं बोलत नाही, अर्धं सांगतोय. सॅमसंग २०१७ पासून क्यूएलईडी नाव वापरते आणि तिच्या मिनी एलईडीवाल्या मालिकेचं नाव निओ क्यूएलईडी आहे. एका शब्दाचा फरक आहे, पण मागचे दिवे पूर्ण वेगळे.

आणि ओएलईडी. यात मागे दिवाच नाही. ८३ लाख पिक्सेलपैकी प्रत्येक जण स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे पूर्ण बंद. अंधाऱ्या खोलीत समईची ज्योत दाखवणारा प्रसंग ओएलईडीवर बघा. ज्योतीच्या कडेला लागून काळोख असतो, मध्ये धूर नाही, राखाडी नाही. बाजूला खाली बसून बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत. इतकी वर्षं या धंद्यात आहे, तरी एखाद्याच्या घरी ओएलईडी लावला की पहिला अंधाराचा प्रसंग मी उभा राहून बघतोच. मेव्हणे ज्या गोष्टीच्या प्रेमात आहेत ती खरी आहे. आता यातही दोन जाती आहेत. एलजीच्या पॅनेलची जुनी पद्धत पांढऱ्या प्रकाशावर रंगाचे फिल्टर लावायची. २०२२ पासून सॅमसंगच्या पॅनेल कारखान्याने निळ्या ओएलईडीवर क्वांटम डॉट लावायची दुसरी पद्धत आणली, सोनीनेही तिचा टीव्ही काढला. दुसरीचे रंग जास्त खुलतात, पण खोलीत उजेड असला की तिचा काळा किंचित जांभळट-राखाडी होतो.

मग तुम्हाला नको का म्हणतोय?

पहिलं कारण तुमची बाल्कनी. पश्चिमेचं ऊन दुपारी ३ नंतर सरळ आत येणार आणि टीव्ही नेमका समोरच्या भिंतीवर. ओएलईडीवर छोटी चमक झगझगीत येते, पण अख्खा पडदा उजळायची वेळ आली, म्हणजे क्रिकेटचं उन्हातलं मैदान, बर्फाचा प्रसंग, बातम्यांचा पांढरा ग्राफिक, की तो स्वतःहून मंद होतो. वीज आणि उष्णता आवरायला तसं करावंच लागतं. मिनी एलईडी तिथे जोर धरून राहतो. दुपारी पडदा ओढून अंधार करून बातम्या बघा, असं वडिलांना सांगणं मला पटत नाही.

दुसरं कारण बातम्या. ओएलईडीतला पदार्थ सेंद्रिय असतो आणि जळून जळून थकतो. सगळे पिक्सेल सारखे थकले तर कळतही नाही. पण वाहिनीचा लोगो एकाच कोपऱ्यात, खाली ब्रेकिंगची लाल पट्टी एकाच जागी, रोज आठ-दहा तास, असं झालं की तेवढे पिक्सेल जास्त थकतात आणि तिथे सावली उरते. याला बर्न-इन म्हणतात. माझ्या एका ग्राहकाकडे सव्वादोन वर्षांच्या ओएलईडीवर मी ती बघितली. त्यांनी टीव्हीवर हिरवंगार शेत लावून दाखवलं. शेताच्या खालच्या भागात आडवा पट्टा, पाऊण हात लांब, जणू कोणी ओल्या फडक्याने पुसून तसाच ठेवलाय. घरात आजोबा एकच वाहिनी लावत होते. पॅनेल बदलायचा खर्च ऐकून त्यांनी तो तसाच ठेवला. बर्न-इन वॉरंटीत धरतात का, हे घेण्याआधी लेखी विचारून घ्या. मिनी एलईडीला हा धोका जवळपास नाही.

यातच आपल्या घरांमधली एक सवय येते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रात्री झोपताना आपण टीव्हीचं बोर्डवरचं बटण बंद करतो. लहानपणापासूनचं वळण आहे, वीजही वाचते. पण ओएलईडी काही तास चालला की रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःचे पिक्सेल तपासून सारखे करून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात. बोर्डवरून बंद केलात तर ते काम होतच नाही. ज्यांच्याकडे ओएलईडी आहे आणि जे हे वाचतायत, त्यांनी आजपासून आधी रिमोट वापरावा आणि बोर्डचं बटण निदान पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यावं.

थोडक्यात इथपर्यंतचं: दिवसाचा उजेड आणि तासन्‌तास बातम्या असतील तर मिनी एलईडी. रात्रीचा अंधार आणि सिनेमा हेच मुख्य असेल तर ओएलईडी. बजेट ७० हजारांच्या आत असेल तर झोन असलेला साधा क्यूएलईडी शोधा, नाही मिळाला तर चांगल्या पॅनेलचा एलईडी घ्या आणि उरलेल्या पैशांत साउंडबार. पातळ टीव्हीचा आवाज सगळ्यांचाच पातळ असतो.

मिनी एलईडीचे दोषही सांगायला हवेत. वलयाचं सांगितलं. दुसरा दोष कोनाचा. पुढच्या एलसीडी काचेच्या, म्हणजे पॅनेलच्या, दोन मुख्य जाती आहेत, व्हीए आणि आयपीएस. चांगला काळा देणारी बहुतेक पॅनेल व्हीए जातीची असतात. समोरून त्यांचा काळा साध्या आयपीएसपेक्षा तिप्पट-चौपट गडद असतो, पण बाजूने बघितलं की रंग फिकटतात. तुमचा सोफा एल आकाराचा असेल आणि वडिलांची जागा आडव्या बाजूला असेल, तर शोरूममध्ये त्याच कोनात जाऊन उभे राहा. काही महाग मॉडेलांत कोन सुधारणारा थर असतो, त्यासाठी थोडा काळा सोडावा लागतो. तिसरा दोष क्रिकेटमध्ये दिसतो. चेंडूमागे कॅमेरा वेगाने फिरला की हिरव्या मैदानावर उभे मळकट पट्टे सरकताना दिसतात. हे एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींतही कमी-जास्त असतं, म्हणून घरी टीव्ही आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक सामना लक्ष देऊन बघा आणि बदलून मिळायच्या मुदतीतच तक्रार करा.

मापाबद्दल. फोर-केसाठी कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर चांगलं. ६५ इंचाला ते साडेसहा ते पावणेनऊ फूट येतं, ७५ इंचाला साडेसात ते १० फूट. तुमचे ९ फूट बघता निव्वळ सिनेमासाठी मी ७५ म्हटलं असतं. पण वडिलांच्या बातम्या सेट-टॉप बॉक्सवरून एसडीत, म्हणजे जुन्या कमी बारकाव्याच्या चित्रात, येत असतील तर विचार करा. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत पिक्सेल. ते फोर-केवर पसरताना टीव्हीला एका पिक्सेलचे वीस करावे लागतात. जितका पडदा मोठा तितकी ती ओढाताण उघडी पडते, चेहरे मेणासारखे होतात. यासाठी ६५ हा माझा मधला मार्ग. आणि टीव्हीवर लाख रुपये घालताना दर महिन्याला थोडे जास्त देऊन एचडी पॅक घ्या, वडिलांना तो फरक पहिल्या दिवशी दिसेल. सिनेमे नेटवरून बघत असाल तर नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सांगते. राउटर बेडरूममध्ये असेल तर केबल टाकून टीव्हीपर्यंत आणा.

मुलाच्या खेळासाठी एकच गोष्ट तपासा, पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं. प्लेस्टेशन ५ ला १२० हर्ट्‌झ चालतं आणि फोर-केत त्यासाठी टीव्हीला एचडीएमआय २.१ चं पोर्ट लागतं. खोक्यावर मोशन रेट २४० असलं काहीतरी मोठं लिहिलेलं असतं, तो पॅनेलचा वेग नव्हे. "नेटिव्ह किती?" एवढंच विचारा. उत्तर ६० आलं तर पुढच्या टीव्हीकडे वळा. १२० हर्ट्‌झचं पोर्ट बऱ्याचदा एक किंवा दोनच असतात, त्यातलंच एक बऱ्याचदा ईएआरसीला, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवायलाही लागतं, हे आधीच मोजून घ्या.

शोरूममध्ये टीव्ही ट्यूबलाइटच्या लखलखाटात, सगळ्यात भडक मोडवर, फुलं आणि पोपट दाखवत उभे असतात. त्यात जो जास्त भडक तो चांगला वाटतो. तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन जा. त्यात तीन तुकडे ठेवा: रात्रीचा प्रसंग पांढऱ्या सबटायटलसकट, क्रिकेटचा एक षटकार, आणि ओळखीच्या माणसाचा दिवसा काढलेला चेहरा. मोड सिनेमा किंवा फिल्ममेकरवर टाकायला सांगा. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात. चेहऱ्याचा रंग जिथे खरा दिसेल तो टीव्ही निवडा. पोपट कसा दिसतो यावरून काही ठरत नाही, कारण तो पोपट आपण प्रत्यक्ष बघितलेला नसतो. घरी आल्यावरही तोच मोड ठेवा आणि दिवसा बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचा उजेड, वाढवा, रात्री उतरवा. कायम शंभरवर ठेवलेल्या बॅकलाइटचेच टीव्ही माझ्याकडे लवकर येतात.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीच्या किमती ऐकून तुलना करू नका. तुमच्या बजेटमध्ये चांगल्या झोनचा मिनी एलईडी बसतो. ६५ इंची ओएलईडी सहसा त्याच्या वर जातो, सणाच्या आसपास गेल्या वर्षीचं मॉडेल कधी जवळ येतं. तसा मोह झाला तर वरचं बाल्कनीचं आणि बातम्यांचं पुन्हा वाचा.

आता बसवण्याचं. भिंत बाथरूमला लागून असेल किंवा पावसाळ्यात ओल धरत असेल तर तिथे टीव्ही नको. दमटपणाने पॅनेलच्या कडेच्या बारीक जोडण्या खराब होतात आणि उभ्या रेघा येतात. किनारपट्टीवरून येणाऱ्या टीव्हींमध्ये मी हे जास्त बघतो, आणि त्यावर दुरुस्ती टिकत नाही. स्टॅबिलायझरची गरज बहुतेक नसते, टीव्हीच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढं तो स्वतः सांभाळतो. सर्ज प्रोटेक्टर मात्र घ्या, आणि विजा कडाडायला लागल्या की पिनेबरोबर डिशची केबलही काढा. वीज त्या तारेनेही आत येते, मग टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट आणि आतला सर्किट बोर्ड दोन्ही जातात. उंची अशी ठेवा की सोफ्यावर बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याच्या आसपास येईल. पूर्वीच्या शोकेसच्या उंचीवर लावून घेतलेत तर तीन तासांच्या सिनेमात मान धरते, आणि व्हीए पॅनेल खालून बघितलं तर फिकटही दिसतं.

पैसे भरण्याआधी इमारतीच्या लिफ्टचं माप घ्या. ६५ इंची पडदाच जवळपास १४४ सेंटिमीटर रुंद असतो, खोकं त्याहून मोठं, आणि ते आडवं झोपवून न्यायचं नसतं, उभंच न्यावं लागतं. जिन्याने न्यायची वेळ आली तर वळणावर ते फिरतं का तेही बघा. माझ्यासमोर चौथ्या मजल्याच्या वळणावर अडकलेलं खोकं हमालांनी वाकवलं आणि आतली काच फुटली. पावतीवर "घरपोच, सुस्थितीत, चालवून दाखवून" हे शब्द लिहून घ्या. टीव्ही लागेपर्यंत सही करू नका आणि खोकं निदान महिनाभर माळ्यावर राहू द्या. एल सोफ्याचं, बसायच्या कोनाचं आणि निवडलेल्या मॉडेलच्या झोनचं कळवलंत तर त्या मॉडेलबद्दल नेमकं सांगता येईल.